माती वाहून गेली की कर्ज वाढतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच दाखवलं होतं शेतीचं दुखणं

वळवाचा पाऊस झोडपून गेला की ओढा गढूळ होऊन वाहतो. तो गाळ म्हणजे कुणाच्या तरी वावरातली वरची, कसदार माती. ती गेली की नुसता मुरूम उरतो आणि कितीही खत टाकलं तरी पहिल्यासारखं पीक येत नाही. आज ही गोष्ट गावोगाव कृषी सहायक सांगतात. महात्मा जोतीराव फुले यांनी ती १४० वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. मुलींची शाळा काढणारे जोतीराव सगळ्यांना माहीत आहेत. शेतीचा हिशोब मांडणारे जोतीराव मात्र गावात तेवढे माहीत नाहीत.

शेतातून शाळेत

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुढे पुण्यात फुलांचा धंदा चालला आणि लोक फुले म्हणू लागले. आई लहानपणीच गेली. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातलं, पण लोकांच्या बोलण्यामुळे मधेच काढूनही घेतलं. जोतीराव शेतात काम करू लागले. पोराची हुशारी बघून शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी वडिलांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये ते परत शाळेत गेले.

पुढे त्यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवला. पुण्याजवळ मांजरीला शेतीही केली. १८८२ मध्ये सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला त्यांनी निवेदन दिलं, त्यावर आपली ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी लिहिली. त्यामुळे धरण कसं बांधतात, पाटाचं पाणी कुणाच्या वाट्याला येतं आणि कुणाच्या नाही, हे त्यांना जवळून ठाऊक होतं.

दुष्काळाची वर्षं

तो काळ शेतकऱ्याला फार वाईट गेला. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि तो वणवा पुणे-नगर भागातल्या गावांत पसरला. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. दाणा नाही, वैरण नाही, माणसं आणि जनावरं रस्त्यावर मेली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं.

पाऊस पडला नाही, म्हणून दुष्काळ आला, एवढंच कारण जोतीरावांना पटत नव्हतं. एखादं साल पाऊस हुकणं काही नवीन नव्हतं. एका सालात शेतकरी पार मोडून का पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात मांडलं. असूड म्हणजे आसूड, चाबूक. सरकार, सावकार, भटशाही, कुणालाच त्यांनी त्यात सोडलं नाही.

डोंगर, जनावर आणि वावर

सारा, कर्ज आणि अज्ञान यांवर तर ते बोललेच. पण जमिनीचा कस का गेला, याचीही कारणं त्यांनी सांगितली. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचं शेण आणि मेलेल्या किड्यामुंग्यांचा कुजून झालेला भाग पावसाबरोबर खाली येतो आणि वावराला खत होतो. गावाला गायरान आणि रान मोकळं असेल, तर गरीबसुद्धा दोन जनावरं पाळतो. जनावर असलं की दूध आहे, बैल आहे, शेणखत आहे.

इंग्रज सरकारने ही साखळी तोडली. १८७८ च्या कायद्याने जंगलावर सरकारचा हक्क पक्का झाला. डोंगर आणि गायरानं जंगल खात्याकडे गेली आणि चराईला बंदी आली. वैरण तुटली, जनावरं घटली, शेणखत कमी झालं. दुसरीकडे लोकसंख्या वाढली. जमीन पड ठेवायला शेतकऱ्याला परवडेना, दरसाल तेच रान नांगरावं लागलं. कस गेला, पीक घटलं, सारा मात्र तसाच राहिला. मग सावकाराचं दार आलंच. मातीची झीज आणि घरावरचं कर्ज जोतीरावांनी असं एका धाग्यात ओवलं.

उपाय काय सांगितले?

नुसती ओरड करून ते थांबले नाहीत. सरकारने रिकाम्या बसलेल्या लष्कराकडून आणि जादा पोलिसांकडून जागोजागी ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल, असं त्यांनी सुचवलं. ओढ्या-तळ्यात साचलेला गाळ शेतकऱ्याला परत वावरात नेऊ द्यावा. गायरानं गावाला परत करावीत. जमिनीखालच्या पाण्याच्या जागा जाणत्यांकडून शोधून त्यांची नकाशावर नोंद करावी आणि विहीर खणणाऱ्याला मदत द्यावी. चांगल्या जातीची मेंढरं-बकरी आणावीत. शेतीमालाची प्रदर्शनं भरवून शेतकऱ्याला बक्षीस द्यावं. शेतकऱ्याच्या पोरांना शिकवावं.

हे पुस्तक त्यांनी लोकांपुढे वाचून दाखवलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवलं. भाषा इतकी कडक, की त्यांच्याच चळवळीतल्या ‘दीनबंधू’ पत्राने पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं टाळलं. जोतीराव मागे हटले नाहीत. १८८८ मध्ये पुण्यात इंग्रज राजपुत्राच्या मेजवानीला ते मुद्दाम साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा देश खेड्यात आहे, तो बघा, असं तोंडावर सुनावलं. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. पुढे पक्षाघाताने उजवं अंग गेलं, तर ते डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज काय?

राहुरीच्या कृषी विद्यापीठाला जोतीरावांचं नाव आहे. पाणी अडवा पाणी जिरवा, नालाबांध, २०१७ पासूनचं गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार या सगळ्यांत त्यांनी सांगितलेल्या उपायांची खूण दिसते. पण त्यांनी सांगितली होती ती अख्खी साखळी, आपण त्यातली एकेक कडी सुटी धरतो. उन्हाळ्यात पोकलेनने तलावातला गाळ काढला आणि वरचा डोंगर तसाच उघडा ठेवला, गायरानावर अतिक्रमण झालं, गोठे रिकामे झाले, बांध कोरून दोन सरी वाढवल्या, तर दोन-चार पावसाळ्यांत तोच तलाव पुन्हा भरतो. तो भरतो आपल्याच शिवारातल्या मातीने. ग्रामसभेत जलसंधारणाची कामं ठरतात, तेव्हा तलावाच्या गाळाबरोबर डोंगर, गायरान आणि बांध यांचाही विषय निघाला, तरच ‘असूडा’तला हिशोब पुरा होईल.