तारेचा रोध मोजणारा शिक्षक

हिवाळ्यात शिर्डीला काकड आरतीसाठी पहाटे उठणाऱ्या भाविकांची पहिली गरज म्हणजे गरम पाणी. २००० वॅटच्या गिझरवर त्या आकड्याशेजारी २३० व्होल्ट असेही छापलेले असते. वॅटला व्होल्टने भागले की सुमारे ८.७ अँपिअर हा विद्युतप्रवाह मिळतो. व्होल्टला या अँपिअरने भागले की आतील तारेचा रोध सुमारे २६.४ ओहम निघतो. शाळकरी मुलालाही जमणारा हा दुसरा भागाकार ज्या नियमावर उभा आहे, तो मांडणारे जॉर्ज सायमन ओहम मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

त्यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनविणारे कारागीर. पण स्वतःच्या बळावर उच्च गणित शिकलेले. मुलांना त्यांनीच घरी गणित शिकविले. विद्यापीठात जाताच जॉर्ज नाच, बिलियर्ड आणि स्केटिंगमध्ये रमले, तेव्हा संतापलेल्या वडिलांनी त्यांना स्वित्झर्लंडला धाडले. तेथे गणित शिकवून ते परतले आणि १८११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

१८१७ मध्ये त्यांना कोलोन येथील शाळेत नोकरी मिळाली. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती. तारेची लांबी वाढविली की प्रवाह किती घटतो, हे त्यांना मोजायचे होते. पहिले प्रयोग त्यांनी रासायनिक बॅटरीवर केले. तिचा दाब सतत बदलत असल्याने १८२५ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र चुकले. पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचविल्यावरून त्यांनी बॅटरी सोडली आणि तांबे व बिस्मथ यांचा जोड वापरला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून दाबही स्थिर! साधीच युक्ती, पण सारे यश तिच्यातच होते. निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून त्यांनी प्रवाह मोजला. १८२६ मध्ये अचूक सूत्र हाती आले: दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह.

१८२७ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्यातील गणिती मांडणी अनेक जर्मन विद्वानांना रुचली नाही. अपेक्षित प्राध्यापकपद दूरच राहिले. १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनची नोकरीही सोडली आणि बर्लिनमध्ये गणित शिकवून गुजराण केली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला स्थिर जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोपली पदक दिले, तेव्हा कोठे मायदेशाला त्यांची किंमत कळू लागली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जूल यांनी तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे दाखविले. दोन्ही नियम जुळवले की गिझरचे कोडे सुटते. दाब १८० व्होल्टवर उतरला तर प्रवाह सुमारे ६.८ अँपिअर होतो आणि शक्ती सव्वाबाराशे वॅटच्या आसपास येते. दाब जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो, शक्ती मात्र दोन पंचमांशांच्या आसपास. पाणी तापायला वेळ लागतो तो म्हणूनच.

म्यूनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे अध्यासन ओहम यांना १८५२ मध्ये मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या विद्युत परिषदेत रोधाचे एकक म्हणून त्यांच्या नावावर शिक्कामोर्तब झाले ते १८८१ मध्ये.