बोटांचे दोर दाखवणारा व्हेसेलियस

आंद्रेआस व्हेसेलियसचा जन्म १५१४ मध्ये ब्रुसेल्सचा. त्या काळी प्राध्यापक आसनावर बसून गॅलेनचा ग्रंथ सांगत आणि शवविच्छेदन दुसराच कोणी करी. गॅलेनचे शरीरज्ञान मुख्यतः माकडे व इतर प्राण्यांवरून आलेले. तरी सुमारे तेराशे वर्षे तेच प्रमाण मानले गेले. १५३७ मध्ये पादुआत प्राध्यापक झालेल्या व्हेसेलियसने सुरी स्वतः हाती घेतली आणि गॅलेनच्या अनेक चुका दाखवल्या.

१५४३ च्या त्याच्या ग्रंथातील चित्रात तो विच्छेदन केलेला हात धरून उभा आहे. बोटे मिटवणारे मोठे स्नायू तळव्यात नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. मूठ आवळून पाहा, तिथली हालचाल जाणवेल. त्यांच्या कंडरा दोरांसारख्या मनगटातून बोटांत जातात.

पुढे तो सम्राट पाचव्या चार्ल्सचा वैद्य झाला. १५६४ मध्ये जेरुसलेमहून परतताना झाकिन्थोस बेटावर त्याचे निधन झाले.

आजही मनगटाला काच लागून रुग्ण आला, की जखम लहान असली तरी आम्ही त्याला एकेक बोट वाकवायला सांगतो. आत कंडरा तुटलेली असू शकते. म्हणून अशी जखम घरी नुसती बांधून ठेवू नका.