जॉन बनियन व त्याच्या कुळाच्या नोंदी

‘यात्रिकक्रमण’ हे पुस्तक आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे. हरि केशवजी ह्यांनी 1841 साली ते मराठीत आणले. मूळ ग्रंथाचा कर्ता जॉन बनियन हा इंग्लंडातील बेडफर्ड परगण्यातला, गावोगाव हिंडून फुटकी भांडी सांधणारा मनुष्य होता. आपल्या आत्मवृत्तात त्याने आपले कुळ देशातील सर्वांत हलक्या व तुच्छ मानलेल्या कुळांपैकी असल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे. त्याचा धंदा व हे सांगणे ह्यांवरून पुढे काही विद्वानांनी असा तर्क केला की, तो भटक्या जिप्सी लोकांपैकी असावा. हा तर्क खरा की खोटा, हे वादविवादाने ठरले नाही. ते गावच्या जुन्या वह्यांनी ठरविले.

ह्या वह्यांचा इतिहास असा. 1538 साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल ह्याने हुकूम काढला की, प्रत्येक गावच्या पाळकाने एक वही ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा बाप्तिस्मे, विवाह व मूठमाती ह्यांची नोंद तीत करावी. पुढे 1598 पासून ह्या नोंदींची एक प्रत दरसाल बिशपच्या कचेरीकडे पाठवावी असे ठरले. त्यामुळे एखाद्या गावची वही जळाली किंवा कुजली, तरी तिची प्रत दुसरीकडे राही. उमरावांची कुळे सांगणारे भाट व बखरी पुष्कळ असतात. परंतु मोलकरी, फेरीवाला व विधवा ह्यांची नावे ज्यात राजाच्या हुकमाने लिहिली गेली, असे पुस्तक हेच.

बनियन ज्या बेडफर्डच्या मंडळीचा पाळक होता, त्याच मंडळीचा पाळक एकोणिसाव्या शतकात जॉन ब्राउन हा होता. त्याने ह्या नोंदी, जुनी मृत्युपत्रे व जमीनदारांच्या कचेऱ्यांतील कागद धीराने तपासले, आणि 1885 साली बनियनचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याला असे आढळले की, बनियन हे नाव त्या परगण्यात 1199 सालापासून आहे. एल्स्टो गावाजवळ ह्या कुळाची शेती होती. सोळाव्या शतकातील कागदांत ती तुकड्यातुकड्याने हातची गेलेली दिसते, आणि घरच्या बाईला जवाची दारू नियमाबाहेर विकल्याबद्दल दंड झालेलाही दिसतो. म्हणजे हे कुळ भटके नव्हते. शेकडो वर्षे एकाच मातीत राहून गरीब झालेले होते.

जॉनच्या आजाने 1641 च्या आपल्या मृत्युपत्रात स्वतःस किरकोळ फेरीवाला म्हटले आहे. आईच्या आईचे मृत्युपत्र 1632 चे. त्यात हंडे, तबके, टोपी, झगा अशा वस्तू एकेक करून मुलांस वाटल्या आहेत. जॉनची आई मार्गारेट हिच्या वाट्यास एक तिवई व एक लहान पेटी आली. जॉनचा बाप टॉमस 1676 साली वारला, तेव्हा त्याने ह्या पुत्रास एक शिलिंग ठेवला. अशा घरी जॉन जन्मला. त्याच्या जन्माचा दिवस कोठे लिहिलेला नाही, परंतु 30 नोव्हेंबर 1628 रोजी एल्स्टो येथे त्याचा बाप्तिस्मा झाल्याची एक ओळ आहे.

1644 सालच्या नोंदी वाचताना मन द्रवते. जूनमध्ये आईची मूठमाती; जुलैमध्ये लहान बहीण मार्गारेट हिची; आणि ऑगस्टात बापाचा नवा विवाह. तीन महिने, तीन ओळी. मुलाचे वय पंधरा होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे नाव न्यूपोर्ट पॅग्नेल येथील पार्लमेंटच्या फौजेच्या हजेरीपटात येते. त्या घरात त्या उन्हाळ्यात काय झाले, हे पाळकाच्या लेखणीने सांगितले नाही. पण तारखाच पुष्कळ सांगतात.

आणि जेथे वही मुकी आहे, तेथे हानी किती होते पाहा. सुमारे 1649 साली बनियनने विवाह केला. ती काळवेळ यादवी युद्धाची होती व पुष्कळ ठिकाणच्या नोंदी राहून गेल्या होत्या. ह्या विवाहाची नोंद मिळत नाही. घरात ताटचमचासुद्धा नव्हता, पण तिने बापाची दोन धार्मिक पुस्तके बरोबर आणली, आणि ती वाचूनच बनियनचे मन प्रथम वळू लागले. जिने एवढे केले, तिचे नाव आज कोणासही ठाऊक नाही. तिची आंधळी मुलगी मेरी हिच्या बाप्तिस्म्याची मात्र 1650 ची नोंद आहे. तुरुंगात असता बापाच्या जिवास ह्याच लेकराचा सर्वांत अधिक घोर होता.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. परवानगीवाचून उपदेश केला म्हणून 1660 साली त्यास धरले, आणि 1672 पर्यंत तो बहुतेक काळ बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. 1678 साली त्याचा यात्रिक जगापुढे आला. 31 ऑगस्ट 1688 रोजी लंडनात बनियन वारला. त्याचा देह तेथील बनहिल फील्ड्‌समध्ये ठेविला आहे.

प्रिय वाचकहो, ज्याने आपले कुळ तुच्छ म्हणून सांगितले, त्याचे कुळ आज अनेक सरदारांच्या कुळांहून अधिक ठाऊक आहे. हे कोणा भाटाचे काम नव्हे. ज्या पाळकांनी व कारकुनांनी गरिबाच्या लेकराचे नाव कंटाळा न करता लिहिले, त्यांचे ते काम आहे. बनियनच्या बाप्तिस्म्याची ओळ लिहिणाऱ्यास हे मूल कोण होणार, हे ठाऊक नव्हते. आपल्या लहान मंडळीच्या वहीत जो नाव लिहितो, त्यासही ते ठाऊक नसते. म्हणून मुलाचे नाव लिहावे, बापाचे लिहावे आणि आईचेही लिहावे. तारीख चुकवू नये, व वही वाळवीस देऊ नये.