वुड्रो यांचा महाबळेश्वरी कांदा

चतुर्थीच्या माटोळीला बांधली जाणारी वाघनखी आणि परसात विहिरीपाशी फुलणारा नागदवणा, दोघांनाही आपण सर्रास लिली म्हणतो. वाघनखीचा बीजकोश पाकळ्यांच्या वर असतो, नागदवण्याचा खाली. एवढे पाहिले तरी दोन्ही कुळे वेगळी ओळखता येतात. नागदवण्याच्या क्रायनम या प्रजातीतील एक दुर्मीळ जाती जॉर्ज मार्शल वुड्रो यांचे नाव धारण करते.

वुड्रो यांचा जन्म १८४६ चा. पुण्यात १८७३ साली सुरू झालेल्या गणेशखिंड वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक होते आणि तेथील सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र व शेतीही शिकवत. हिंदुस्थानातील बागकामावरील त्यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पश्चिम भारतातील वनस्पतींची त्यांनी केलेली यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापली गेली. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात वुड्रो यांचा दाखला जागोजागी येतो.

कांदेवर्गीय वनस्पती वाळवून ओळखणे मोठे जिकिरीचे. रसाळ कांदा दाबाखाली कुजतो, पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होतात, शिवाय फूल आणि पूर्ण वाढलेली पाने पुष्कळदा एका वेळी हाती लागत नाहीत. अशा वेळी जिवंत कांदा लावून त्याच्या फुलण्याची वाट पाहावी लागते. महाबळेश्वरच्या डोंगरातील कांदे वुड्रो यांच्याकडून लंडनच्या किऊ उद्यानात गेले, तेथे फुलले आणि कांदेवर्गीयांचे जाणकार जॉन गिल्बर्ट बेकर यांनी १८९८ साली बोटॅनिकल मॅगझिनमध्ये ही जाती नवी म्हणून नोंदवली. नाव दिले क्रायनम वुड्रोवी. ज्या हातांनी डोंगरात कुदळ मारली, त्यांची ओळख मात्र या नावात उरलेली नाही.

निवृत्तीनंतर वुड्रो आंब्याकडे वळले. त्यांचे आंब्यावरील पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले. १९११ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाची लिली तोवर जणू सह्याद्रीतून नाहीशीच झाली होती. शंभर वर्षे तिची नोंद कागदावरच राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पती अभ्यासकांना ती महाबळेश्वरच्या केट्स पॉइंट परिसरात पुन्हा आढळली. पर्यटक ज्या कड्यावरून दरी न्याहाळतात, त्याच्याच आसपास ती पहिल्या पावसाच्या सुमारास पांढरी फुले धरते.