कुंडीतला वाटाणा

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला आठवतो 'राजा हरिश्चंद्र', नंतर तो मोठा पुरस्कार, आणि नाशिकमध्ये शिकत असाल तर पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक. (लेक्चर बुडवून तिथे एकदाही न गेलेला मुलगा हॉस्टेलमध्ये सापडणं कठीण!) पण मित्रांनो, मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात भारी काम या तिन्हीत नाही. ते म्हणजे एका वाटाण्याचं शूटिंग.

आमच्या हॉस्टेलमागच्या बागेत रोज सकाळी कोणी ना कोणी मोबाईल घेऊन जास्वंदीवरच्या शिंजिरासाठी दबा धरून बसलेलं असतं. त्यात मीही असतो. शिंजीर काही थांबत नाही, मग आपला मोर्चा कळीकडे. टाइमलॅप्सचं बटण दाबायचं आणि मेसमध्ये जाऊन पोहे खायचे. परत येईपर्यंत कळीचं फूल होऊन क्लिप तयार! १९१२ साली हे बटण नव्हतं आणि फाळक्यांकडे पोह्यांची निवांत सवडही नव्हती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म इथून जवळच, त्र्यंबकेश्वरला, ३० एप्रिल १८७० चा. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा मात्र हाताने करायच्या विद्यांमागे लागला. १८८५ मध्ये मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, ब्लॉकमेकिंग, सगळं शिकून घेतलं. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेली. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, तीही सोडली. छापखाना काढला, यंत्रं पाहायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. मग भागीदाराशी बिनसलं आणि हा गृहस्थ वयाच्या चाळिशीत पुन्हा रिकाम्या हाताने घरी बसला. आपल्याकडे एक केटी लागली तर आठवडाभर तोंड पाडून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

१९११ च्या सुमारास त्यांनी गिरगावात येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना असंच पडद्यावर आणायचं हे वेड डोक्यात शिरलं. रोज सिनेमा पाहायचा, रात्री घरी बसून प्रयोग करायचे, झोप जेमतेम. परिणाम असा की डोळे गेले! काही काळ दिसेनासंच झालं. डॉ. प्रभाकरांच्या उपचाराने आणि चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली. आली तशी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत कामाची पद्धत पाहिली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेतलं आणि एप्रिलमध्ये परत.

आता यंत्र आलं, पण चित्रपटाला लागणारा पैसा कुठे होता? आणि हिंदुस्थानात हे जमेल यावर भरवसा ठेवणार कोण? मग त्यांनी घरी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा लावला. महिनाभर थोडं थोडं चित्रण करत बी रुजण्यापासून वेल वर चढेपर्यंतची वाढ टिपली. जेमतेम मिनिटाहून थोडी जास्त फिल्म झाली. नाव 'अंकुराची वाढ'.

इथे आपला कॅल्क्युलेटर काढू. मूकपट साधारण सेकंदाला १६ चौकटी धरून चालायचा. एका मिनिटाला ९६० चौकटी. महिन्यात विभागल्या तर दिवसाला सरासरी ३२. रोज एकच चौकट घेतली असती तर सगळा वाटाणा दोन सेकंदांत आटोपला असता! म्हणजे दिवसातून पुन्हा पुन्हा त्या कुंडीपाशी यायचं, हाताने हँडल फिरवायचं, आणि महिनाभर कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही. हलला तर पडद्यावर वेल टुणकन उडी मारणार. सकाळचं ऊन वेगळं, दुपारचं वेगळं. आणि घरात लहान मुलं वावरताहेत, ते वेगळंच.

मला यातली निवड फार आवडते. वाटाण्याला मेकअप नको, पगार नको. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ चौकटी बसतात, म्हणजे एका मिनिटाला साठेक फूट फिल्म पुरली. आणि पाहणाऱ्याला दिसलं काय, तर कुणाच्याही डोळ्यांना एरवी दिसूच शकत नाही ते. आपल्या भाषेत, हे त्यांचं वर्किंग मॉडेल! ती फिल्म निवडक लोकांना दाखवल्यावर पैसे द्यायला माणसं पुढे आली.

सरस्वतीबाईंचं नाव घेतलं नाही तर हा लेख अर्धवट राहील. या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. दागिने त्यांनी दिलेच, शिवाय अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं आणि चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक हेही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. लांबी ३,७०० फूट.

त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर' इथलाच. १९१८ मध्ये इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पण वाटाण्याची खोड गेली नव्हती. मोठ्या पौराणिक चित्रपटांबरोबर आगपेटीतल्या काड्या नाचवणारा 'आगकाड्यांची मौज', तळेगावच्या काच कारखान्यावरचा लघुपट, असली कामं ते आवडीने करत राहिले.

भागीदारांशी मात्र पुन्हा खटके उडाले. ते काशीला निघून गेले, काही काळाने परतले. तोवर दिवस बदलत चालले होते. १९३१ मध्ये बोलपट आला. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून काढला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' शेवटचा. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर सात वर्षं नाशिकमध्येच, हातात चित्रपट नसताना गेली. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.