संकटात साथ कशी द्यावी? उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.) यांचा आदर्श

आजाऱ्याची भेट घेणे आणि जनाजासोबत जाणे ही कामे इस्लामने एका मुसलमानाच्या दुसऱ्या मुसलमानावरील हक्कांत गणली आहेत. आपण ती पार पाडतोही. परंतु दुःखी माणसासमोर बसल्यावर काय बोलावे, हे आपल्याला पुष्कळदा उमगत नाही. मग आपण चौकशी करू लागतो किंवा उपदेश करू लागतो. कोणाचा धंदा बुडाला की तो कसा बुडाला हे विचारतो, कोणाची मुलगी सासरहून परत आली की चूक कोणाची हे शोधतो. आपण सांत्वन करून उठतो, आणि तो माणूस मात्र पूर्वीपेक्षा अधिक एकटा होऊन बसतो. सांत्वनाची ही कला शिकायची असेल, तर उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.) यांच्या जीवनाकडे आपण पुन्हा एकदा पाहिले पाहिजे.

हजरत खदीजा (रजि.) या कुरैश कबिल्यातील बनू असद घराण्याच्या. खुवैलिद यांच्या या कन्येला मक्केचे लोक इस्लामपूर्व काळातही ताहिरा, म्हणजे पवित्र आचरणाची स्त्री, या नावाने ओळखत. त्यांचा व्यापार मोठा होता व त्यांचा माल शामपर्यंत जात असे. सीरतकारांच्या सांगण्याप्रमाणे त्यांना दोनदा वैधव्य आले होते. अर्थात, दुःख त्यांच्या परिचयाचे होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची सचोटी ऐकून त्यांनी आपला माल त्यांच्या स्वाधीन केला आणि मैसरा नावाच्या सेवकाला सोबत धाडले. परतल्यावर मैसराने प्रवासातील त्यांच्या प्रामाणिकपणाचा व सौम्य स्वभावाचा जो वृत्तांत सांगितला, तो हजरत खदीजा (रजि.) यांच्या मनात ठसला. पुढे नफीसा नावाच्या मैत्रिणीमार्फत त्यांनी स्वतःच विवाहाचा विषय काढला. प्रसिद्ध मतानुसार त्या वेळी त्यांचे वय ४० व प्रेषितांचे (स.) वय २५ वर्षांचे होते. या दांपत्याला कासिम आणि अब्दुल्लाह हे पुत्र, तसेच जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम आणि फातिमा (रजि.) या कन्या झाल्या. दोन्ही पुत्र बालपणीच अल्लाहला प्यारे झाले. ते दुःखही या पती-पत्नींनी मिळून सोसले.

वाचकहो, आता त्या रात्रीकडे वळू या. प्रेषित (स.) मक्केबाहेरील हिरा गुहेत एकांतात उपासना करीत. सोबतची शिदोरी संपली की ते घरी येत आणि हजरत खदीजा (रजि.) पुन्हा शिदोरी बांधून देत. इ.स. ६१० मध्ये, रमजान महिन्यात, त्या गुहेत हजरत जिब्रील (अ.) आले आणि वह्यीचा आरंभ झाला. त्या अनुभवाचा भार असा होता की प्रेषित (स.) थरथरत घरी परतले व आपल्याला पांघरूण घालण्यास सांगितले. त्यांना स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती.

त्या वेळी हजरत खदीजा (रजि.) यांनी काय केले, हे क्रमाने लक्षात घ्या. प्रथम त्यांनी पांघरूण घातले.  अंगाचा कंप थांबेपर्यंत त्या थांबल्या. मन शांत झाल्यावर प्रेषितांनी (स.) स्वतः सर्व हकीकत सांगितली.

त्यानंतर त्या बोलल्या. अल्लाह तुम्हांला कदापि अपमानित करणार नाही, अशी त्यांनी ग्वाही दिली आणि त्या ग्वाहीचे कारणही सांगितले. प्रेषित (स.) नातेसंबंध जोडून ठेवतात, दुर्बलांचा भार उचलतात, ज्याच्याजवळ काही नाही त्याला कमावून देतात, पाहुण्यांचे आदरातिथ्य करतात आणि सत्याच्या मार्गात कोणावर आपत्ती आली तर मदतीला धावतात, हे एकेक करून त्यांनी त्यांच्यापुढे ठेवले.

प्रिय वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. या बोलण्यात खोटी स्तुती नव्हती. प्रत्येक गोष्ट त्यांनी पंधरा वर्षे आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. कोणत्या नातेवाइकाकडे कोण गेले, कोणाचे ओझे कोणी उचलले, हे त्यांनी सुखाच्या दिवसांतच मनात जपून ठेवले होते. म्हणून कठीण रात्री त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. खरे सांत्वन संकटाच्या दिवशी अचानक सुचत नाही. ज्याने आपल्या माणसाचा चांगुलपणा आधीपासून पाहिला आहे, त्यालाच तो वेळेवर आठवतो. आपण मात्र घरातल्या माणसांच्या चुकांचा हिशेब तोंडपाठ ठेवतो, आणि त्यांच्या भलेपणाचा विचारला तर गप्प होतो.

तिसरी गोष्ट अशी की, जे आपल्याला पूर्ण ठाऊक नाही, ते ठाऊक असल्याचा आव त्यांनी आणला नाही. त्या प्रेषितांना (स.) आपले चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. वरका वृद्ध व अंध झाले होते, परंतु पूर्वीच्या ईशग्रंथांचे जाणकार होते. हजरत मूसा (अ.) यांच्याकडे येणारा दूतच आपल्याकडे आला आहे, हे त्यांनी ओळखले. त्याचबरोबर आपले लोक आपल्याला या शहरातून बाहेर काढतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढचा मार्ग कठीण आहे हे कळूनही हजरत खदीजा (रजि.) डगमगल्या नाहीत. प्रेषितांवर (स.) सर्वप्रथम ईमान त्यांनीच आणले. आपल्या घरात कोणी आजाराने वा मनाच्या खिन्नतेने खचला असेल, तर त्याला जाणकार वैद्याकडे किंवा आलिमाकडे सोबत घेऊन जाणे, हादेखील याच आदर्शाचा भाग आहे. नुसता पत्ता सांगून त्याला एकट्याला धाडू नये.

चौथी गोष्ट आहे टिकून राहण्याची. नबुव्वतच्या सातव्या वर्षी कुरैशांनी बनू हाशिम व बनू मुत्तलिब यांच्यावर बहिष्कार टाकला. सुमारे तीन वर्षे ही माणसे शिअब-ए-अबी तालिबमध्ये उपासमार सोसत राहिली. हजरत खदीजा (रजि.) बनू असदच्या होत्या. बहिष्कार त्यांच्या घराण्यावर नव्हता. तरीही ऐश्वर्यात वाढलेली ही महिला उतारवयात पतीसोबत त्या दरीत राहिली. त्यांचे भाचे हकीम बिन हिजाम आत्यासाठी गहू घेऊन निघाले, तेव्हा अबू जहलने त्यांची वाट अडवली होती. यावरून त्या दिवसांची कल्पना येते. आपल्याकडे ताजियतीचे तीन दिवस घर माणसांनी भरलेले असते. चौथ्या महिन्यात, मुलांची फी भरायची वेळ येते तेव्हा, त्या दारावर कोण जातो?

बहिष्कार संपल्यानंतर लवकरच, नबुव्वतच्या दहाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ६१९ च्या सुमारास, त्यांनी या जगाचा निरोप घेतला. मक्केतील हजून येथे त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी अबू तालिब यांचेही निधन झाले. इतिहास त्या वर्षाला आम-उल-हुज्न, म्हणजे दुःखाचे वर्ष, म्हणतो. आधार देणारी व्यक्ती जाते तेव्हा काय हरवते, हे या नावातच दिसते.

प्रेषित (स.) त्यांना कधीही विसरले नाहीत. घरी बकरी जिबह झाली की ते त्यांच्या मैत्रिणींकडे मांस पाठवीत. बद्रनंतर हजरत जैनब (रजि.) यांनी कैदेतील पतीच्या सुटकेसाठी एक हार पाठवला. तो आईने लग्नात दिलेला हार होता. तो पाहताच प्रेषितांचे (स.) हृदय भरून आले आणि सहाबांच्या संमतीने तो परत करण्यात आला.

हजरत जिब्रील (अ.) यांच्यामार्फत अल्लाहने हजरत खदीजा (रजि.) यांना सलाम पाठवला आणि जन्नतमध्ये अशा घराची शुभवार्ता दिली, जेथे गोंगाट नाही आणि थकवा नाही. विद्वानांनी याची संगती सुंदर लावली आहे. त्यांनी आपल्या घरात कधी आवाज चढवला नाही आणि पतीला कधी थकवले नाही, म्हणून बक्षीसही तसेच मिळाले.

वाचकहो, सब्र ही आपल्या दीनची मोठी शिकवण आहे. परंतु दुःखी माणसाला सब्र कर असे सांगण्याआधी त्याच्या अंगावर पांघरूण घालावे लागते. आज रात्री आपल्या घरातील एका माणसाचे तीन चांगले गुण आठवून पाहा आणि ते त्याला सांगा. संकट येईपर्यंत थांबू नका.

अल्लाह आपल्या घरांना एकमेकांसाठी निवारा बनवो आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्या मार्गावर चालण्याची तौफीक देवो. आमीन.