पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदन

इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला होता. अनंतशास्त्री डोंगरे नावाचे विद्वान पुराणिक त्या वेळी आपल्या कुटुंबासह तीर्थयात्रा करीत तेथे हिंडत होते. गाठीचे द्रव्य सरले, भांडीकुंडी विकली गेली आणि अखेर झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. त्या घरात संस्कृत विद्या विपुल होती. परंतु अंगमेहनतीने पोट भरण्याचे शिक्षण कोणालाच मिळाले नव्हते आणि भीक मागण्यास मन धजत नव्हते. थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. मागे राहिली सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

हीच रमा पुढे पंडिता रमाबाई म्हणून विख्यात झाली. तिचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. भावंडे पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु दोनच वर्षांत पतीही निवर्तले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून अमेरिकेस जाऊन त्यांनी गावोगावी भारतातील बालविधवांची दुःखे सांगितली. १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ एक संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे द्रव्य पुरविण्याचे पत्करले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदासदन’ उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्माच्या प्रश्नावरून मोठा वाद माजला. अनेक हितचिंतक दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी सदन चालूच ठेवले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि अन्नावाचून अस्थिपंजर झालेल्या सुमारे ३०० मुलींना त्यांनी आश्रय दिला. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे त्यांना तेथे ठेवता येईना. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेतली होती. त्या उघड्या माळावर राहुट्या उभ्या राहिल्या. हेच पुढे ‘मुक्तिसदन’ झाले. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्यांना नुसते जेवू घालणे हेच केवढे कठीण काम! परंतु रमाबाईंना तेवढ्याने समाधान नव्हते. परक्यांचे द्रव्य आज येईल, उद्या आटेल. हाताचे कसब मात्र जन्मभर पुरेल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून केडगावात विहिरी खणल्या, शेती पिकविली, गाई पाळल्या. मुली वाचू लागल्या, त्याचबरोबर विणू, शिवू आणि छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींनाही मनोरमाबाईंनी स्पर्शलिपी शिकविली.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आघात सोसून रमाबाई काम करीतच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथेच देह ठेवला. त्यांनी स्थापिलेली संस्था आजही तेथे निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा देत आहे. उपासमारीत ज्या शिक्षणावाचून आपल्या घराचा नाश झाला, तेच शिक्षण त्यांनी हजारो अनाथ मुलींच्या हाती दिले.